शाळेच्या वयात वेड लावलेल्या सिनेमातून आपला स्वतःचा सूर कसा शोधायचा

आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडे लिहिणारी, रील काढणारी, शॉर्टफिल्म करायचीय म्हणणारी पोरंपोरी खूप आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं एकाच ठिकाणी अडतं. डोक्यात काहीतरी घोळत असतं, पण कागद घेऊन बसलं की जे उतरतं ते कुठंतरी वाचलेलं, ऐकलेलं, पुण्या-मुंबईच्या कुणाचं तरी वाटतं. यावर मला माहीत असलेला सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे तेरा ते सतराच्या वयात ज्या सिनेमाने तुम्हाला वेड लावलं होतं तो परत काढायचा आणि त्याच्यावर नीट काम करायचं, म्हणजे वही-पेन घेऊन, थांबवून थांबवून, प्रश्न विचारत. ते कसं करायचं ते सांगतो, आणि उदाहरणाला माझा सिनेमा घेतो, नागराज मंजुळेंचा फँड्री. १४ फेब्रुवारी २०१४ ला तो लागला तेव्हा मी साधारण जब्याच्याच, म्हणजे त्यातल्या डुकरं पकडावी लागणाऱ्या घरातल्या पोराच्याच, वयाचा होतो आणि तोपर्यंत मला वाटायचं की सिनेमा म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी गावात घडणारी गोष्ट.

त्या वयातलाच सिनेमा का घ्यायचा, तर नंतर नंतर आपल्याला काय आवडायला पाहिजे हे लोक सांगायला लागतात, रेटिंग बघून आवडतं, चार हुशार मित्रांना आवडलं म्हणून आवडतं. चौदाव्या वर्षी तसं काही नसतं. तेव्हा जे आत गेलं ते तुमचं म्हणूनच गेलं. त्यामुळे सिनेमा निवडताना लाजू नका, अवॉर्डवाला असायची गरज नाही, साऊथचा डब केलेला मारधाडीचा असला तरी चालतो. फक्त एवढं बघा की त्याच्यातल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला बघून तुम्हाला 'याला कसं कळलं हे' असं वाटलं होतं का. वाटलं असेल तर तोच घ्या. फक्त गाणी आवडत होती म्हणून घेऊ नका, गाण्यांवर हे काम होत नाही, मी बऱ्याच जणांचं बघितलंय, ते गाण्यातच अडकून बसतात.

बघायच्या आधी लिहायचं

ही पायरी लोक गाळतात आणि मग पुढचं सगळं कच्चं राहतं. सिनेमा परत बघायच्या आधी एक पान घ्या आणि वीसेक मिनिटं आठवेल तसं लिहा, क्रम नको, स्टोरी नको, फक्त काय दिसतंय. कुठला चेहरा, कुठली जागा, कोण काय बोललं, कपडे काय होते. नेटवर शोधायचं नाही, मित्राला विचारायचं नाही.

माझ्या पानावर काय आलं ते सांगतो. जब्या सायकलवर पेप्सी विकायला जातो ते आलं, त्याला एक जीन्स हवी असते ते आलं, जत्रेत सगळे नाचत असतात आणि याला दिव्याची बत्ती डोक्यावर घेऊन उभं राहावं लागतं ते आलं, काळ्या चिमणीच्या मागे दगड घेऊन काट्याकुट्यातून फिरणं आलं. शालू, म्हणजे जब्याला आवडणारी शाळेतली मुलगी, मात्र फार थोडी आली, आणि मला वाटत होतं की मला तो सिनेमा शालूमुळे आवडतो! आता हे जे उरलंय ना मनात, सायकल, जीन्स, बत्ती, चिमणी, हे सगळं एकाच जातीचं आहे. प्रत्येकात तो काहीतरी मिळवायला बघतोय आणि प्रत्येकात कुणीतरी त्याला बघतंय. मला प्रेमकथा आठवतच नव्हती, मला 'चारचौघांत आपल्याला कुणी बघितलं तर' ही भीती आठवत होती. हे पान लिहिलं नसतं तर मला ते कळलं नसतं, आणि माझं पुढचं सगळं लिखाण त्या भीतीतूनच निघालं.

तुमच्या पानावर वेगळं येईल. एखाद्याला सगळी घरं आठवतील, स्वयंपाकघर, दार, ओटा. एखादीला फक्त भांडणं. जे आलं त्याच्यात सारखं काय आहे ते शोधा आणि पानाच्या खाली एका ओळीत लिहून ठेवा. मग सिनेमा बघा, शक्यतो एकट्याने, आणि जे तुम्ही चुकीचं आठवलं होतं तिथं खूण करा. चुकीचं आठवलेलं टाकून द्यायचं नाही, कारण तिथं सिनेमात तुमची स्वतःची भर पडलीय, तुम्ही नकळत तिथं लिहायला सुरुवात केलेली असते.

एक सीन घेऊन फोडायचा

सगळा सिनेमा अभ्यासायला जाऊ नका, एकच सीन घ्या. मी घेतला तो राष्ट्रगीताचा. ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीये, जब्याचं अख्खं घर डुकराच्या मागे पळतंय, पोरं-बाया बघायला जमल्यात, डुक्कर आता हातात येणार, आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या उभा राहतो. त्याच्यामागं बापही उभा राहतो, म्हणजे किशोर कदम. आणि डुक्कर समोरून निघून जातं.

आता वहीत तीन उभे रकाने करा. पहिल्यात काय दिसतंय, दुसऱ्यात काय ऐकू येतंय, तिसऱ्यात कुणाला काय माहितीये. पहिला रकाना सोपा. दुसऱ्यात लिहिताना लक्षात येतं की या सीनचा सगळा खेळ आवाजावर आहे, गाणं लांबून येतंय, शाळा इथं समोर नाहीये, तरी शाळेचा नियम इथपर्यंत पोचतो. तिसरा रकाना सगळ्यात कामाचा. जब्याला माहितीये की उभं राहायचं असतं, शाळेनं शिकवलंय. बापाला माहितीये की डुक्कर गेलं तर आजची मेहनत गेली. बघणाऱ्यांना फक्त मजा माहितीये. आणि डुकराला यातलं काहीच माहीत नाही म्हणून ते चालत राहतं. चार जण, चार वेगळ्या माहित्या, आणि एकाच्याही तोंडातून 'बघा केवढा अन्याय' असं वाक्य येत नाही. मंजुळेंनी काही समजावून सांगितलेलं नाही, त्यांनी फक्त दोन गोष्टी एकाच वेळेला होऊ दिल्या.

हे कळलं की आपलं लिखाण कुठं फसतंय ते लगेच दिसतं, कारण आपण सारखं समजावत असतो. वाईट वाटलं, खूप दुःख झालं, समाज असा आहे, असं लिहित जातो. तुमच्या सीनला पण हे तीन रकाने लावा. कॉमेडी असली तरी लावा, हाणामारी असली तरी लावा. तिसऱ्या रकान्यात सगळ्यांना सगळंच माहिती असेल तर तो सीन फक्त आवाजावर आणि गाण्यावर चालत होता असं समजा आणि दुसरा घ्या.

आता खरं काम, लपवलेल्या गोष्टींची यादी

फँड्रीत जब्या काय करतो सगळा वेळ? लपवतो. आपलं घर काय काम करतं हे शालूला दिसू नये म्हणून भिंतीआड जातो, मागं राहतो, तोंड फिरवतो. आणि सिनेमा काय करतो, तर नेमकं तेच, जे पोरगं लपवतंय, ते मधोमध आणून ठेवतो. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या एका गोष्टीने. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, त्यांनी तिथलंच जगणं, तिथलीच बोली घेतली, मोठ्या शहराची गोष्ट करायला गेले नाहीत, आणि त्या सिनेमाला दिग्दर्शकाच्या पहिल्या सिनेमासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळेत जे आपण सगळ्यात जास्त झाकत होतो तिथंच आपलं सगळ्यात वेगळं लिखाण असतं असं माझं ठाम मत आहे. कारण जे आपण मिरवत होतो ते सगळेच मिरवत होते, तेच बूट, तीच हेअरस्टाईल, तेच डायलॉग. झाकलेलं प्रत्येकाचं वेगळं होतं.

तर यादी करा. वर लिहा 'नववीत असताना वर्गातल्यांना कळू नये असं वाटायचं ते' आणि खाली दहा ओळी. मोठी गुपितं नकोत, बारीक पाहिजेत. आपल्याकडची उदाहरणं देतो म्हणजे कसं ते कळेल. दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे गेलो म्हणून सांगायचं आणि खरं तर आईबरोबर रोजाने कापूस वेचायला जायचं. डब्यात कळण्याची भाकरी असली की डबा मांडीवर ठेवून झाकण अर्धंच उघडायचं. वडील बाजार समितीत हमाल, आणि मित्रांबरोबर तिथून जाताना रस्ता बदलायचा. घरात आजी अहिराणीत जोरात हाक मारते म्हणून मित्रांना घरी आणायचंच नाही. बहिणीची जुनी सायकल, दांडा नसलेली. भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये राहणाऱ्या मित्राकडे गेल्यावर त्यांच्या संडासाची कडी कशी लावायची ते माहीत नसणं. अशा.

यातली एक ओळ निवडा, जी लिहिताना हात थोडा थांबला होता ती. आणि तिच्यावर तोच प्रयोग करा जो सिनेमात बघितला, दोन गोष्टी एकाच वेळेला होऊ द्या, समजावू नका.

करून दाखवतो. रावेर-सावद्याकडे केळी कापणाऱ्या टोळ्या असतात, घड डोक्या-खांद्यावरून ट्रकपर्यंत वाहायचे. केळीचा चीक कपड्याला लागला की तो वाळून काळपट होतो आणि मग काही केल्या जात नाही, हे तिकडच्या प्रत्येक आईला माहितीये. समजा एक पोरगा शाळेच्या आधी बापाला मदत करायला जातो आणि शाळेच्या शर्टावर तो डाग पडतो. आपण सहसा असं लिहितो:

'राजूचे वडील गरीब केळी कामगार होते. त्याला आपल्या डागाळलेल्या शर्टाची खूप लाज वाटायची. गरिबीमुळे तो नवीन शर्ट घेऊ शकत नव्हता.'

यात खोटं काही नाही पण हे कुणीही लिहू शकतं, रावेरला न जाता लिहू शकतं. आता दुसऱ्या पद्धतीने:

'प्रार्थनेला उभं राहिलं की तो उजवा हात वाकवून छातीशी धरायचा. बाईंनी दोन दिवस बघितलं आणि विचारलं, हात दुखतो का रे? तो हो म्हणाला. शनिवारी कबड्डीची टीम निवडायची होती, बाईंनी सरांना सांगितलं, याला घेऊ नका, याचा हात दुखतोय.'

डाग हा शब्द अजून आलेला पण नाही. तिसरा रकाना लावून बघा, पोराला माहितीये हात दुखत नाही, बाईंना माया आहे पण माहिती नाही, सरांना फक्त टीम माहितीये. लपवण्याची किंमत कबड्डी. आता पुढं तो शर्ट काढून खेळतो का, बाप विचारतो का की टीममध्ये का नाही घेतलं, आईला शर्ट धुताना काय वाटतं, हे सगळं आपोआप यायला लागतं, ओढून आणावं लागत नाही.

एक गोष्ट इथं स्पष्ट सांगायलाच पाहिजे. फँड्री जातीबद्दलचा सिनेमा आहे. डुकराचं मढं खांद्यावर घेऊन जाताना मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र येतं, आणि शेवटी जब्या जो दगड मारतो तो सरळ आपल्या अंगावर येतो. तो दगड काही जणांसाठी त्यांनी स्वतः मारलेला असतो आणि काही जणांसाठी तो त्यांच्याकडे आलेला असतो. तुम्ही सिनेमातल्या कुणाच्या जागी आहात ते आधी प्रामाणिकपणे बघा. जे तुमच्या घरानं सोसलेलं नाही ते सोसल्यासारखं लिहू नका, ते वाचणाऱ्याला पहिल्या पानात कळतं आणि ज्यांचं ते खरं आयुष्य आहे त्यांच्यावर तो दुसरा अन्याय होतो. डुक्कर पकडायच्या सीनमध्ये बाजूला उभं राहून हसणारी पोरं पण आहेत. त्यांच्यातला एक होऊन लिहायची हिंमत असेल तर तेही मोठं काम आहे आणि मराठीत ते फार कमी जणांनी केलंय असं मला वाटतं. सिनेमाकडून बघायची पद्धत घ्या, दुःख उसनं घेऊ नका.

बोली

हा विषय आपल्याकडे फार जिव्हाळ्याचा आहे म्हणून थोडं जास्त लिहितो. धुळे-अमळनेर पट्ट्यात अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, गुजर घरांत गुजरी, सातपुड्यात भिली, पावरी, म्हणजे एका खान्देशात किती बोल्या आहेत बघा. आणि शाळेत आल्यावर आपण त्या सगळ्या दप्तरात घालून ठेवतो. 'कथा जाई राहिना रे?' असं घरात विचारणारा पोरगा वर्गात तोंड सांभाळून 'कुठे चाललास' म्हणतो, आणि लिहायला बसला की अजून एक पायरी वर चढून 'तू कोठे निघाला आहेस' असं लिहितो. तीन पायऱ्या चढून गेल्यावर आपला सूर कसा सापडणार, तो तर खाली घरात राहिला.

त्यामुळे नियम असा धरा की माणसं जशी बोलतात तशीच बोलली पाहिजेत. आई वावरातून येऊन 'आते कसाले रडस?' म्हणत असेल तर तेच लिहा. बाकीचं निवेदन तुम्हाला सोपं जाईल त्या मराठीत करा, सगळं अहिराणीतच पाहिजे असा हट्ट नको, वाचणारा नगरचा किंवा कोल्हापूरचा असला तरी संदर्भावरून त्याला कळतं. कंसात अर्थ देत बसू नका. फँड्री बघताना आपल्याला कुणी कंसात अर्थ दिला होता का? तरी जब्याच्या घरातलं सगळं कळलं.

आणि दुसरं, अहिराणी फक्त हसवायला वापरायची ही सवय सोडा. यूट्यूबवर आपली अहिराणी कॉमेडी आणि गाणी जोरात चालतात, त्याचा मला आनंदच आहे, पण त्यामुळे नव्या पोरांना असं वाटायला लागलंय की अहिराणीतून गंभीर बोलता येत नाही. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या जात्यावर, शेतात काम करताना आपल्या घरच्या बोलीत रचत गेल्या, त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता आणि घरातल्यांनी ते उतरवून ठेवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या, नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रेंना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. जन्म-मरणापासून चुलीपर्यंत सगळं त्या बोलीत मावलं, तर आपलं एक पान नक्की मावेल.

बोली कानात परत आणायचा सोपा मार्ग म्हणजे रेकॉर्डिंग. तुमच्या सिनेमातला तो फोडलेला सीन आजीला किंवा काकूला सांगा, आणि मग त्यांना म्हणा की आता तुम्ही तो मला परत सांगा. आधी विचारून मोबाईल रेकॉर्डिंगला ठेवा. त्या तो सीन कशा सांगतात ते ऐका, काय गाळतात, कुठं थांबतात, कुणाची बाजू घेतात. राष्ट्रगीताचा सीन म्हातारी बाई परत सांगताना डुकराची किंमत किती असेल ते आधी विचारते, हे मी ऐकलंय, आणि तिचं बरोबर आहे, आपण तिथपर्यंत विचारच केलेला नसतो. आखाजीला झोक्यावरची गाणी, श्रावणात कानबाईची गाणी चालू असतील तेव्हा पण रेकॉर्ड करा, सुरासाठी नका करू, दोन गाण्यांच्या मध्ये बाया एकमेकींशी जे बोलतात त्यासाठी करा.

नक्कल करायची का?

करायची. सुरुवातीला तर करायचीच. बरेच शिकवणारे सांगतात ओरिजिनल व्हा, कुणाची कॉपी करू नका, आणि त्या धाकाने पोरं काहीच करत नाहीत.

धुळ्याहून आग्रा रोडने तासाभरावर मालेगाव आहे. तिथं व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी पॉवरलूमवर काम करणारे दोस्त जमवून २००० च्या सुमाराला 'मालेगाव के शोले' काढला, उघड उघड नक्कल, नावातच सांगितलेली. ट्रॉली नव्हती तर सायकलवर कॅमेरा, क्रेन नव्हती तर बैलगाडी. पण नक्कल करता करता मालेगाव आत शिरलं, तिथली भाषा, तिथल्या गल्ल्या, तिथले जोक, आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. पुढं फैझा अहमद खान यांनी त्यांच्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंटरी केली, ती जगभर फिरली, आणि २०२५ मध्ये रीमा कागतींचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' आला. म्हणजे ज्यांनी नक्कल केली त्यांच्यावर लोकांनी सिनेमे काढले.

तुम्ही असं करा. तुमचा फोडलेला सीन पहिल्यांदा आहे तसा लिहून काढा, शब्दाला शब्द, हात चालता व्हावा म्हणून. दुसऱ्यांदा लिहिताना जागा बदला, आपल्या गावातली ओळखीची जागा, आठवडे बाजार, जिनिंगचं गेट, तापीचा पूल, एसटी स्टँड. तिसऱ्यांदा काम बदला, माणूस पोटासाठी जे करतो ते. चौथ्यांदा यादीतली ती लपवलेली ओळ आत घाला. चौथ्या वेळेपर्यंत मूळ सीनचं बहुतेक सगळं गळून गेलेलं असतं. नसेल गळलं तर अजून एकदा, यावेळी जे उरलंय ते मुद्दाम काढून. पहिली दोन लिखाणं कुणाला दाखवायची नाहीत आणि पोस्ट तर अजिबात करायची नाहीत, ती रियाजाची आहेत.

शूट करणार असाल तर

लिहिणारे हा भाग सोडून पुढं जा. शॉर्टफिल्मवाल्यांसाठी थोडक्यात. दोन-तीन मिनिटांचीच करा, एक जागा, दोन माणसं. फोन आडवा धरा, लेन्स रुमालाने पुसा, एअरप्लेन मोड लावा. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो, तो करा, नाहीतर सीन मध्येच उजळतो-काळवंडतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४ च्या वर जातो, फोन तापून बंद पडतो आणि उजेड पण वाईट पडतो, त्यामुळे सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर.

सगळ्यात जास्त लक्ष आवाजाकडे द्या. चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, बोललेलं कळलं नाही तर बंद करतात. दुसरा फोन बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून त्याच्यावर आवाज घ्या, सुरुवातीला एक टाळी वाजवा म्हणजे एडिटिंगमध्ये दोन्ही जुळवता येतं. जागेचा नुसता आवाज पण मिनिटभर घेऊन ठेवा, कुणी न बोलता, पंप, पाखरं, लांबून जाणारी मालगाडी, जे असेल ते. सिनेमातलं गाणं किंवा क्लिप उचलून लावू नका, कॉपीराइटचा स्ट्राईक येतो, आणि तसंही तुमच्या गावाचा आवाज असताना ते कशाला पाहिजे. ॲक्टर म्हणून ज्याला घ्याल तो ॲक्टिंग येणाराच हवा असं नाही, जब्या झालेला सोमनाथ अवघडे काही ट्रेनिंग घेऊन आलेला नव्हता आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या कामाची सवय असलेला माणूस घ्या. घड वाहणारा घड कसा खाली ठेवतो ते तोच करू जाणे.

दाखवायचं कुणाला

दोघांना. एक जण त्याच बोलीतला, त्याच कामातला, आणि एक जण पूर्ण बाहेरचा. 'कसं वाटलं' विचारू नका, सगळे 'भारी' म्हणतात, आपली माणसं प्रेमळ आहेत. त्याऐवजी बोलीतल्या माणसाला विचारा की कुठं 'असं कुणी बोलत नाही' वाटलं, आणि बाहेरच्याला विचारा की कुठं लक्ष उडालं. दोघं सांगतील तिथं पेन्सिलने खूण करा, तिथल्या तिथं वाद घालू नका, समजावून सांगू नका, जे समजावून सांगावं लागतंय ते पानावर आलेलं नाही. दोघांनी एकाच जागी खूण केली तर ती ओळ बदला. एकट्या बाहेरच्याने केली आणि बोलीतल्याला ती जागा आवडली असेल तर मी तरी बोलीतल्याचं ऐकतो.

आणि ज्यांची गोष्ट आहे, आई, बाप, शेजारचे नाना, कापूस वेचणाऱ्या मावशी, त्यांना बाहेर टाकायच्या आधी दाखवा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, घाई न करता, जेवणं झाल्यावर वगैरे. तुम्ही जे लपवत होता ते त्यांचं रोजचं जगणं होतं, त्यामुळे त्यांना राग येईल असं धरून चालू नका. बहुतेक वेळा ते चूक काढतात, घड असा नाही धरत, तो डाग पहिल्या दिवशी दिसत नाही रे, चीक वाळला की दिसतो, आणि अशी एक दुरुस्ती गोष्टीला दहा पावलं पुढं नेते, म्हणून वही जवळ ठेवा. एखादी गोष्ट नको म्हणाले तर नाव, गाव, काम बदलून परत लिहा आणि परत दाखवा. तरी नको म्हणाले तर ते पान घरात ठेवा आणि यादीतली दुसरी ओळ घ्या.